बंटीच्या पहिल्या बिअरचं सामान (आपल्या फॅमिली ग्रुपवर)

बंटी (ओहायो): ताई, घरी बिअर करून बघायचीय. दोन किट बघून ठेवलीत. एकात बिअर आंबवायची काचेची मोठी बरणी (कारबॉय), उकळलेलं गार करायची तांब्याची कॉइल, 10 गॅलनचं पातेलं, सगळं आहे. दुसऱ्यात प्लॅस्टिकची बादली आणि किरकोळ सामान. महागातलं घेतलं तर पुन्हा खर्च नाही, असं वाटतंय. तू सांग.

ताई (शिकागो): बादलीवालं घे. काच अजिबात नको. 19 लिटर भरलं की कारबॉय वीस किलोच्या वर जाते, आणि ओल्या हातातून सटकली तर पायाचं काय होईल विचार कर. बादली फूड ग्रेड, 6.5 गॅलनची, म्हणजे साधारण 25 लिटरची. त्यात 19 लिटरच भरायचे. वरची जागा फेसाला लागते, नाहीतर फेस एअरलॉकमधून (झाकणावरची, आतला गॅस बाहेर सोडणारी आणि बाहेरची हवा आत न येऊ देणारी नळी) बाहेर येतो.

बंटी: आणि पातेलं?

ताई: गणपतीत मसालेभाताला काढता ते स्टीलचं किती लिटरचं आहे?

बंटी: 20

ताई: मग झालं की. पहिल्या वेळी धान्यापासून करायला जाऊ नकोस, मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीचा तयार गोड अर्क) आण. 10-11 लिटर पाणी तापव, गॅस बंद करून एक्स्ट्रॅक्ट ढवळ (नाहीतर बुडाला लागतं), मग उकळ आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घाल. पहिली उकळी दुधासारखी उतू जाते, तेव्हा जागचं हलायचं नाही. नंतर पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेव, आणि बादलीत आधी उकळून गार केलेलं पाणी घालून 19 लिटर कर. कॉइलची गरजच नाही.

मामा (नाशिक): आम्ही इथे केलं तर?

ताई: नको मामा. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. इथे अमेरिकेत 1978 च्या कायद्यानं मोकळीक मिळाली, तीही मोजून. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200. आणि विकायची नाही. अलाबामा, मिसिसिपीत तर 2013 उजाडावं लागलं.

मामा: बरं बरं. बंटी, तूच कर. 👍

बंटी: मग वाचलेले पैसे कशावर घालू?

ताई: भांडी निर्जंतुक करायचं सॅनिटायझर, हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे त्यात साखर किती उरलीय ते दाखवणारी काचेची नळी), थर्मामीटर. बिअर बिघडते ती याच तीन ठिकाणी. पातेलं भारी घेतल्यानं कुणाची बिअर सुधारलेली मी पाहिली नाही.

आत्या (पुणे): अगं पण सगळं उकळलेलंच असतं ना? मग जंतू येतात कुठून?

ताई: आत्या, गार झाल्यावर येतात. कोमट, गोड पाणी म्हणजे त्यांची मेजवानीच. म्हणून गार झाल्यावर जे जे त्याला लागणार ते आधी साबणानं धुवायचं आणि मग सॅनिटायझरमध्ये बुडवायचं. बादली, झाकण, एअरलॉक, नळी, चमचा, यीस्टचं (बिअर आंबवणाऱ्या खमिराचं) पाकीट कापायची कात्रीसुद्धा. बंटी, स्टार सॅन नावाचं सॅनिटायझर घे, लिटरला दीड मिली पुरतं, मिनिटभर ओलं राहू दे, पुन्हा धुवायचं नाही. फेस राहिला तरी चालतो. बादलीला तारेची घासणी लावू नकोस, चरे पडले की त्यात जंतू घर करतात.

वहिनी (ओहायो): ताई, त्या दिवशी मी इडलीचं पीठ वाटणार होते.

ताई: वहिनी, दुसऱ्या दिवशी वाटा ना. विरजणाचं भांडंही ओट्यावरून हलवा. दही, इडली ज्यांच्यामुळे आंबते तेच जंतू बिअरमध्ये शिरले तर ती आंबट होते. आणि लोणच्याची जुनी बरणी-बादली वापरायची नाही, प्लॅस्टिकमधला वास जात नाही.

बंटी: हायड्रोमीटर खरंच लागतो? बुडबुडे थांबले की झालं, असं वाचलं.

ताई: लागतोच. बुडबुडे थंडीनंही थांबतात, झाकण सैल असलं तरी दिसत नाहीत. सुरुवातीला आकडा साधारण 1.048 येईल, शेवटी 1.010 च्या आसपास. फरकाला 131 नं गुण, पाच टक्के अल्कोहोल. पण खरा उपयोग पुढे आहे. दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला तरच बाटलीत भरायचं. घाई केलीस तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि बाटली फुटते. काचा उडतात रे, घरात लहान पोर आहे.

बंटी: कळलं. बादली तळघरात ठेवू का? तिथे 17-18 डिग्री असतं.

ताई: उत्तम. एल यीस्टला (एल जातीच्या बिअरचं यीस्ट, तुझ्यासाठी तेच) 18 ते 20 चांगलं. आंबताना आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश चढतं, म्हणून बादलीलाच चिकटवायची थर्मामीटरची पट्टी घे. फारच चढलं तर टबात पाणी घालून त्यात ठेव, ओला टॉवेल गुंडाळ.

बंटी: बाटल्या विकतच घेऊ?

ताई: मित्रांकडून रिकाम्या गोळा कर. तपकिरी हव्यात, उजेडानं हॉप्सला घाण वास येतो. फिरकीच्या झाकणाच्या नकोत, त्यांवर बूच (पत्र्याचं दाबून बसवायचं झाकण) नीट बसत नाही. 355 मिलीच्या पन्नासेक लागतील. बूच दाबायचं हँडल, बूच, सायफन (एका भांड्यातून दुसऱ्यात बिअर ओढायची नळी), नळ असलेली दुसरी बादली आणि बाटली भरायची नळी, एवढं किटमध्ये आहे का बघ.

बंटी: हँडल नाही. बाकी आहे.

ताई: वेगळं मिळतं. आणि बाटलीत भरताना, बिअरला फसफस यावी म्हणून, मोजून 120 ग्रॅम कॉर्न शुगर (मक्याची साखर), थोड्या पाण्यात उकळून, त्या दुसऱ्या बादलीत आधी घालायची. काट्यावर मोज, वाटीनं नको. ऑर्डर करायच्या आधी कार्टचा फोटो टाक.