सल्ला हवा: ससे कापल्यावर उरलेली आतडी, मुंडी, कातडं यांचं काय करावं? (काळी जमीन, केळी पट्टा)

पिलबाग (यावल तालुका):
राम राम मंडळी. घरच्या पिंजऱ्यातले न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला जातीचे ससे, महिन्याकाठी एका वेळी आठ नग कापायचे असतात. सरासरी वजन २ किलो. मांसाचा प्रश्न नाही, उरलेल्याचा आहे. जमीन काळी, भारी. विहीर जवळ. शेजारी केळी, त्यात ठिबक अंथरलेलं. सातपुड्याचा पायथा, त्यामुळे कोल्हे, रानडुकरं आणि अधूनमधून बिबट्याही. उकिरड्यावर उघडं टाकायचं नाही, पाटचारीत तर नाहीच. खड्डा घ्यायचा तर केवढा? चुना-मीठ टाकावं का? आतडी कुत्र्यांना चालतात का? आणि कातड्याचा काही उपयोग होतो का?

तापीकाठ:
भाऊ, आधी वजन मांडून घ्या, म्हणजे जागेचा अंदाज येईल. २ किलोच्या सशातून हाडासकट, कलेजी-गुर्दे धरून साधारण १ किलो मांस मिळतं. उरलेल्यात कातडं २०० ते २५० ग्रॅम, भरलेलं पोट आणि आतडी ३५० ते ४००, मुंडी दीडशे-पावणेदोनशे, चारही पंजे मिळून ५०-६०, रक्त ६०-७०. आठ सशांमागे ७ किलोच्या आसपास. त्यात जवळजवळ निम्मा भार पोट-आतड्यांचा, आणि वास-माश्यांचा बहुतेक त्रास तिथूनच.

म्हणून काम कापण्याआधीच सुरू होतं. आदल्या रात्री चारा-खुराक काढून घ्या, ८ ते १० तास फक्त पाणी ठेवा. पोट हलकं राहतं, सोलताना फुटत नाही. पाणी मात्र तोडू नका, कातडं सुटायला जड जातं. आंधळं आतडं, म्हणजे ते मोठं हिरवट वळ्यावळ्यांचं, उपाशी ठेवूनही भरलेलंच असतं. सुरीची धार वरच्या दिशेने ठेवून पोट उघडा आणि आतडी अख्खी पाटीत उतरवा. ते फुटलं की मांसही खराब आणि पाटीतला मालही चिखल.

आता खड्डा. काळ्या जमिनीत तो शेवटचा पर्याय समजा. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबतं, हवा मिळत नाही, माल कुजण्याऐवजी आंबून तसाच पडून राहतो. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वास थेट वर येतो. वासावर कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या. डुकरांनी उकरलं तर ठिबकच्या नळ्याही जातात. घ्यायचाच असेल तर विहिरीपासून किमान १०० फूट लांब, विहिरीच्या उताराखालच्या अंगाला, ३ फूट खोल. मालावर २ फूट माती, तिच्यावर बाभळीच्या काट्या आणि दगड.

मीठ अजिबात नको. मिठाने कुजणंच थांबतं आणि जमीन बिघडते ती वेगळी. चुनाही भारंभार टाकू नका. वास दाबायला मूठभर भुरभुरला तर ठीक, जास्त झाला की कुजवणारे जंतूच मरतात. खड्ड्यात पोतंभर चुना ओतायची पद्धत सगळीकडे आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्यापेक्षा जमिनीवर जाळीतला ढीग करा. कोंबडीजाळीचं कडं, ४ फूट व्यासाचं, ४ फूट उंच. जाळी दुहेरी घ्या आणि खालून ६ इंच जमिनीत गाडा, नाहीतर कोल्हा खालून शिरतो. तळाला १ फूट जाडाभरडा कोरडा माल. त्यावर ४ इंच सशांचं लेंडीखत किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत. मग आतडी, मुंड्या, पंजे एकाच थरात पसरायचे, जाळीच्या कडेपासून १० इंच आत. ढिगाऱ्यासारखे एका जागी ओतू नका, मध्ये गोळा होऊन सडतं. मुंडी कोयत्याने फोडून टाका. वरून पुन्हा ४ इंच लेंडीखत आणि शेवटी १ फूट कोरडा माल. मालाच्या तिप्पट तरी कोरडं हवं, हे मापाने, वजनाने नाही. पुढच्या महिन्याचा थर त्याच्यावर.

कडबाकुट्टी (चोपडा):
कोरडा माल कोणता, तेही सांगायला हवं, आपल्याकडे तिथेच चूक होते. केळी पट्ट्यात हाताशी केळीचे खांब (खोडं) असतात म्हणून लोक खांबाचे तुकडे टाकतात. खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. ढीग गार पडतो आणि खालून काळं पाणी सुटतं. केळीची वाळलेली पानं चालतात, पण पानं चपटी बसतात, हवा अडते, म्हणून नुसती पानं नकोत. निम्मी पानं, निम्मी कडब्याची कुट्टी किंवा सोयाबीनचं कुटार.

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) तळाच्या थराला उत्तम, पण श्रेडरमधून काढलेलीच. अख्खी रचून ठेवली तर उरलेल्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाला जाते. लाकडाचा भुसा सगळ्यात वरच्या थराला, वास धरून ठेवतो.

रक्त ढिगात ओतू नका, एका जागी साकळतं. बादलीत भुसा घेऊन त्यातच पडू द्या. आठ सशांचं अर्धा लिटरच्या आसपास, पाच-सहा लिटर मापाचा भुसा सगळं शोषून घेतो. तो भुसा नायट्रोजनने भरलेला असतो, ढीग तापवून कुजवायला तोच कामाला येतो. आतड्यांच्या थरावर पसरा.

गुरांचा डॉक्टर:
कुत्र्यांच्या प्रश्नाला थेट उत्तर: कच्चं काहीही घालू नका.

प्रत्येक नगात पोटातल्या चरबीच्या पडद्यावर आणि कमरेच्या आतल्या बाजूला नीट पाहा. मटारच्या दाण्याएवढे, पाण्याने भरलेले पारदर्शक फुगे दिसतात का? उजेडाकडे धरले की आत एक पांढरा ठिपका दिसतो. ती टीनिया पिसिफॉर्मिस या कुत्र्याच्या पट्टकृमीची अळी. कुत्र्याने ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात जंत वाढतो, विष्ठेतून अंडी लसूणघासावर पडतात, घास सशाच्या पोटात जातो आणि पुन्हा फुगे. माणसाला हा जंत होत नाही. पण फुगे सापडले याचा अर्थ तुमच्या चाऱ्याच्या वाफ्यात कुत्रं फिरतंय. वाफ्याला कुंपण घाला आणि कुत्र्याला वजनानुसार प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या.

कुत्र्याला द्यायचंच तर फुफ्फुस, हृदय, मांसाची छाटण, पाण्याला उकळी फुटल्यानंतर अर्धा तास शिजवून. हाडं काढून. शिजलेली हाडं टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

दुसरं, कलेजी. तिच्यावर पिवळट-पांढऱ्या गाठी, कापल्यावर आत पुवासारखा दाट द्रव, म्हणजे यकृताचा कॉक्सिडिओसिस, सूक्ष्म परजीवीमुळे होणारा सशांचा रोग. माणसाला लागत नाही, तरी ती कलेजी खाऊ नका. अशा सशाची आतडी आणि लेंड्या ढिगात गेल्या तर ते खत लसूणघासाला आणि पिंजऱ्याच्या आसपास कधीच टाकू नका, पिल्लं मरतात. केळीला, कपाशीला घाला.

आणि आपोआप मेलेला ससा हा वेगळा विषय. तो खायचा नाही, ढिगातही नाही. आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, मग खोल पुरा.

पिलबाग:
सगळ्यांचे आभार. दोन शंका. ढीग तापला हे थर्मामीटरशिवाय कसं ओळखायचं? आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, ढीग कोरडा पडणार नाही का?

तापीकाठ:
लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून १० मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर टोक मुठीत धरवत नसेल तर ५५ अंशांच्या वर आहे. थर लावल्यापासून तीन-चार दिवसांत तिथवर यायला हवं. नुसतं कोमट लागत असेल तर हाताने तपासा. मधला माल मुठीत दाबला की बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. कोरडा असेल तर वरून पाणी मारून भागत नाही, ते कडेने निघून जातं. सळईने सात-आठ भोकं पाडून त्यात थोडं थोडं ओता. पाण्यात शेण कालवलं तर आणखी चांगलं.

मे महिन्याची भीती रास्त आहे. ढीग बाहेरच्या उन्हाने तापत नाही, वाळतो. कडुलिंबाखाली किंवा गोठ्याच्या उत्तरेला करा, वर ओलं गोणपाट. पावसाळ्यात गोणपाटाच्या जागी ताडपत्री, पण फक्त माथ्यावर, बाजू उघड्या.

शेवटचा थर लावल्यावर दीड महिन्याने ढीग उलटा, पुन्हा तेवढेच दिवस ठेवा. सशाची हाडं पातळ, बोटाने मोडतील इतकी ठिसूळ होतात. मुंडीचे दात आणि पंजांची नखं उरतात, चाळणीवर काढून पुढच्या ढिगात टाका. खत केळीला, लिंबूला, कपाशीला. कोथिंबीर, मेथी, कांद्याच्या पातीला नको.

वास येतोय म्हणजे वरचा थर पातळ आहे. औषध मारू नका, ६ इंच कुट्टी वाढवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच बसतो.

मोकळं रान (शहादा):
कातड्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ढिगात टाकायचं तर तळहाताएवढे तुकडे करा. अख्खं टाकलं तर केसांचा नमदा होतो आणि महिनोन्महिने तसाच निघतो. गोबरगॅसमध्ये कातडं नकोच, केस तरंगून साय धरतात आणि निकास तुंबतो. आतडी बारीक कापून थोडी चालतात. २ घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, त्यात एका वेळी किलोभर.

कातडं कमवायचं, म्हणजे टिकाऊ करून ठेवायचं असेल तर बारा आठवड्यांच्या सशाचं सोडून द्या, कागदासारखं पातळ असतं, फाटतं. मोठ्या सशाचं, तेही हिवाळ्यातलं घ्या. चरबी खरवडून लगेच कातड्याच्या निम्म्या वजनाचं खडे मीठ आतल्या बाजूला चोळा. आपल्या उन्हाळ्यात चार तास तसंच पडलं की केस मुळातून सुटायला लागतात, मग काही उपयोग नाही. नंतर प्लास्टिकच्या बादलीत ८ लिटर पाणी, अडीचशे ग्रॅम खडे मीठ, अडीचशे ग्रॅम तुरटी. धातूचं भांडं नको. ४८ तास ठेवा, रोज ढवळा. बाहेर काढून आतला पातळ पापुद्रा ओढून काढा, मग तेवढ्याच मापाच्या नव्या पाण्यात आठवडाभर. धुऊन सावलीत वाळवा आणि पुरतं वाळण्याआधी, दमट असतानाच हातांनी ताणत राहा. उन्हात वाळवलं तर पत्र्यासारखं होतं. बादलीतलं पाणी पिकाला, झाडाला देऊ नका. विहिरीपासून लांब पडीक मुरमाड जागी ओता.

आणखी एक. चिंचिलाचं कातडं करडं असतं. बांधावर, रस्त्याकडेला उघडं पडलं तर रानसशाचं वाटू शकतं, आणि रानसशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. यावलसारख्या अभयारण्याच्या पट्ट्यात तर करडी कातडी त्याच दिवशी मिठात किंवा ढिगात जायलाच हवीत. मूळ जोड्या घेतल्याची पावती सांभाळून ठेवा.

गच्चीवरचे ससे (धुळे):
शहरात ढिगाला जागा नाही. एका वेळी दोनच नग असतात. घंटागाडीत टाकलं तर चालतं का?

कडबाकुट्टी:
ताई, दोन नगांचं दीड-पावणेदोन किलो भरेल. तसंच पिशवीत बांधून ठेवलं तर गाडी येईपर्यंत घरभर वास. आतडी भुशात घोळवा, वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत बांधा आणि गाडी येण्याच्या वेळेपर्यंत फ्रीझरमध्ये वेगळ्या डब्यात ठेवा. ओल्या कचऱ्यात द्या आणि आत काय आहे ते गाडीवाल्या दादांना सांगा. त्याहून सोपं म्हणजे तुमच्या भागातल्या चिकन दुकानदाराला विचारा. त्यांचा माल उचलणारी गाडी वेगळी असते, त्यात हे सहज जातं.

गुरांचा डॉक्टर:
वर कोंबड्यांचा विषय निघाला नाही, पण निघेलच. उघड्यावर मांस टांगून खाली पडणाऱ्या अळ्या कोंबड्यांना खाऊ घालायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती करू नका. सडलेल्या मांसात बोट्युलिझमचं विष तयार होतं, अळ्या त्याने मरत नाहीत, पण त्या खाल्लेल्या कोंबड्या माना टाकतात, पाय लुळे पडतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. उकडलेलं, बारीक केलेलं फुफ्फुस किंवा छाटण ताजी असतानाच, तासाभरात संपेल एवढीच टाका. उरलेलं उचलून ढिगात.