मदत हवी आहे: सौरऊर्जा कंपन्यांच्या शेअरमधील जोखीम कशी ओळखावी?

नमस्कार. निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेतील काही भाग सौरऊर्जा कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवण्याचा माझा विचार आहे. मात्र जसजसे वाचत गेले, तसतशी एक गोष्ट मला अस्वस्थ करू लागली. पॅनेलना मागणी वाढते आहे, तरीही या क्षेत्रातील कंपन्या बुडतात. २०११ मध्ये सोलिंड्रा, २०१६ मध्ये सनएडिसन आणि २०२४ मध्ये सनपॉवर या अमेरिकी सौरऊर्जा कंपन्यांनी दिवाळखोरीसाठी अर्ज केला. सोलिंड्राने सिलिकॉन न वापरता नळीच्या आकाराची पॅनेल बनवली होती; पॉलिसिलिकॉनचे, म्हणजे नेहमीच्या पॅनेलसाठी लागणाऱ्या शुद्ध सिलिकॉनचे, भाव कोसळताच नेहमीची पॅनेल स्वस्त झाली आणि तिचे गणितच फसले. सौर वीजप्रकल्प उभारून वीज विकणाऱ्या सनएडिसनला मात्र प्रकल्प विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज भोवले.

यावरून मला असे वाटते की पॅनेल बनवणारी आणि वीज विकणारी कंपनी एकाच मापाने मोजू नये, कारण पहिलीला भावातील घसरण मारते, तर दुसरीला व्याजदरातील वाढ. माझे हे आकलन बरोबर आहे का? ताळेबंदात कर्ज, न विकलेला साठा आणि येणे रक्कम यांपैकी धोक्याची सूचना सर्वांत आधी कशातून मिळते? सरकारी अनुदान बंद झाल्यास कंपनी तग धरेल की नाही, हे वार्षिक अहवालात नेमके कोठे शोधावे? ज्यांनी या क्षेत्रात स्वतः तोटा सोसला आहे, त्यांनी त्या वेळी कोणती खूण नजरेतून सुटली ते कृपया सविस्तर लिहावे.