ऑनलाइन घेताना-विकताना: शंका कुठे आली, पैसे कुठे अडकले?

लोकरवाली

मी विणलेल्या वस्तू विकते, आणि त्यासाठी लागणारी लोकर, सुया, खोकी सगळं ऑनलाइनच घेते. त्यामुळे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे आता लहान मुलांनाही पाठ झालंय, तरी शहाणीसुरती माणसं फसताना दिसतात. म्हणून हा धागा काढतेय. उपदेश नको, घडलेलं लिहा. काय झालं, कुठे खटकलं, पैसे परत आले का. विकणाऱ्यांनी तर नक्कीच लिहा. गिऱ्हाईक फसलं की बोभाटा होतो, दुकानदार बुडाला तर कुणी विचारत नाही. कंपन्यांची आणि माणसांची नावं मात्र टाळा.

सुरुवात मीच करते. एका स्वेटरसाठी मेसेज आला. घासाघीस नाही, रंगाबद्दल चकार शब्द नाही, थेट 'घेते'. थोड्या वेळाने: 'कुरियर कंपनीकडे पैसे भरलेत, या लिंकवर कार्डाची माहिती भरा म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील.' पान अगदी कुरियरचंच वाटत होतं, माझ्या स्वेटरचा फोटोसुद्धा होता. पण माप न विचारता स्वेटर घेणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मी उलट विचारलं, छातीचं माप किती? उत्तर आलं, 'लवकर करा, लिंकची मुदत संपतेय.' तिथेच विषय संपवला.

शंकासुर

चांगला विषय. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाबद्दल लिहितो, कारण 'कुलूप दिसलं की साइट खरी' असं अजूनही सर्रास सांगितलं जातं.

ते कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमच्या आणि समोरच्याच्या मधला मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही. समोरचा सज्जन आहे की भामटा, याच्याशी त्याचा संबंध नाही. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेने २०१५ च्या अखेरीस त्या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रं सर्वांना मोफत द्यायला सुरुवात केली. वेबचं त्यामुळे भलंच झालं, पण खोट्या दुकानालाही ते कुलूप काही मिनिटांत मिळू लागलं. गूगलच्या एका अभ्यासात कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना कळला होता. शेवटी २०२३ मध्ये क्रोमने संगणकावर ते चिन्ह हटवून तिथे दुसरं आणलं.

मी पत्ता उजवीकडून वाचतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या आधीचं 'डॉट कॉम' वगैरे आणि त्याला चिकटून डावीकडे असलेला शब्द, एवढाच खरा मालक. त्याच्याही डावीकडे कितीही मोठ्या बँकेचं नाव असो, ती निव्वळ सजावट. आता हेही पुरत नाही म्हणा. सिरिलिक लिपीतली (रशियन वगैरे भाषांची) काही अक्षरं रोमन अक्षरांसारखीच दिसतात. २०१७ मध्ये एका संशोधकाने ॲपलच्या पत्त्याची हुबेहूब नक्कल अशाच अक्षरांत नोंदवून दाखवली होती. डोळे तिथे हरतात. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून आपोआप भरणारं ॲप) हरत नाही, कारण त्याला दिसण्याशी देणंघेणं नसतं. पत्ता तंतोतंत जुळला नाही तर तो पासवर्ड भरतच नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर तो हाताने टाकू नका. आधी पत्ता बघा.

आणि दुकान 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' सांगत असेल तर डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी नोंदवलंय तेही बघा. ती माहिती उघड असते. परंपरा बऱ्याचदा गेल्या महिन्यात सुरू झालेली निघते.

रंधा

सुतारकामाची हत्यारं विकतो, स्वतःची छोटी वेबसाइट आहे. माझ्या बाबतीत ग्राहक सरळमार्गी होता, मीही होतो, आणि तरी चोरी झाली. नीट सांगतो, कारण हा प्रकार पटकन डोक्यात शिरत नाही.

एका मोठ्या बाजारस्थळावर कुणीतरी माझ्याच पटाशांचा संच विकायला लावला होता. फोटो माझे, किंमत माझ्यापेक्षा बरीच कमी. एका गृहस्थांनी तो तिथे घेतला, पैसे रीतसर भरले. त्या विक्रेत्याकडे माल नव्हताच. त्याने माझ्या साइटवर येऊन तोच संच मागवला. पत्ता दिला त्या गृहस्थांचा, आणि कार्ड वापरलं तिसऱ्याच कुणाचं तरी, चोरलेलं. मी माल पाठवला. गृहस्थांना तो मिळाला, ते खूश. त्यांनी भरलेले पैसे ठगाच्या खिशात. पुढे कार्डाच्या खऱ्या मालकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली आणि बँकेने रक्कम माझ्याकडून परत घेतली. चार्जबॅक म्हणतात तो हा. माल गेला, पैसे गेले आणि वर चार्जबॅकची फी माझ्याच माथी.

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याचशा कारणांसाठी अशी तक्रार करायला १२० दिवसांपर्यंत मुदत असते. त्यामुळे खात्यात रक्कम दिसली म्हणून ती आपली झाली, असं समजून चालत नाही.

सुगावा लागला तो त्या गृहस्थांमुळेच. एका पटाशीची मूठ सैल होती म्हणून त्यांनी खोक्यावरच्या नंबरावर फोन केला. त्यांच्या नावाची ऑर्डर माझ्याकडे सापडेना, पत्त्यावरून मात्र सापडली. 'मी तर अमक्या ठिकाणाहून घेतलं' म्हणाले, आणि मग एकेक धागा सुटत गेला. जुन्या ऑर्डरी काढून बघितल्या तर त्याच घाटाच्या आणखी निघाल्या: नवा ग्राहक, कार्डावरचं नाव एक, माल घेणाऱ्याचं नाव दुसरं, आणि वस्तू महाग पण हातोहात खपणारी. यातली एकच गोष्ट असेल तर मी काही करत नाही, लोक भेट म्हणून दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवतातच. तिन्ही जुळून आल्या तर माल पाठवण्याआधी फोन करतो. शिवाय थ्री-डी सिक्युअर चालू केलं, म्हणजे पैसे भरताना बँक स्वतः कार्डधारकाची खातरजमा करते. तशी खातरजमा झालेल्या व्यवहारात 'कार्ड चोरीचं होतं' अशी तक्रार आली तर तो भार साधारणपणे बँकेवर जातो. काही गिऱ्हाइकं त्या जादा पायरीला कंटाळून निघून जातात. जाऊ देत.

चष्मावर

मी निव्वळ गिऱ्हाईक. जाहिरातीत दिसलेल्या दुकानातून शिलाई मशीन मागवलं होतं. ट्रॅकिंग नंबर आला, पार्सल फिरताना दिसलं आणि एके दिवशी 'पोहोचले' अशी नोंद झाली. घरी काहीच आलेलं नाही. दुकानाचं उत्तर तयार होतं: कुरियर कंपनी म्हणतेय पोहोचलं. ते दुकान ज्या बाजारस्थळावर होतं त्यांनीही ती नोंद पाहून तक्रार निकाली काढली.

मग मी कुरियरच्या कार्यालयात जाऊन बसले आणि दोनच गोष्टी मागितल्या: पार्सलचं नोंदलेलं वजन, आणि ते ज्या घरी दिलं त्याचा पत्ता. वजन कागदाच्या पाकिटाएवढं. पत्ता आमच्याच पोस्टल कोडमधला, पण भलत्याच घराचा. ट्रॅकिंगच्या पानावर फक्त गाव दिसतं, घर दिसत नाही, एवढ्याच भांडवलावर हा धंदा चालतो. कुरियरकडून ते लेखी घेतलं, बँकेला पाठवलं आणि चार्जबॅक मागितला. शिलाई मशीन पाकिटाच्या वजनाचं कसं असेल याचं उत्तर दुकानाला देता आलं नाही. पैसे आले. थेट खात्यात पाठवले असते तर ते सुटलेच असते.

रंधा, ज्याने तुम्हाला बुडवलं त्यानेच मला तारलं, याची गंमत वाटली. तुम्हाला वाटणार नाही.

रंधा

वाटली की. :) चार्जबॅक असायलाच हवा. माझं भांडण त्याच्याशी नाहीच, फी मी का भरायची याच्याशी आहे. पण वजनाचा मुद्दा विक्रेत्यांनीही लिहून ठेवावा. माझ्याकडे परत आलेल्या खोक्यात एकदा रंध्याऐवजी वीट निघाली. तेव्हापासून पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढतो, त्यात वस्तूचा अनुक्रमांक, चिकटपट्टी लावताना आणि खोकं वजनकाट्यावर, सगळं येतं. परत आलेलं खोकंही कॅमेऱ्यासमोरच उघडतो.

हिशेबनीस

काही छोट्या दुकानांचे हिशेब बघतो. दोन गोष्टी वारंवार दिसतात.

एक, रात्रीतून शेकडो फुटकळ ऑर्डरी, बहुतेक नाकारलेल्या. मालक म्हणतात विक्री वाढली. विक्री वगैरे काही नाही. चोरलेल्या कार्डांतली कुठली चालू आहेत हे तपासायला कुणीतरी तुमचं पान वापरतंय. किमान ऑर्डरची रक्कम ठरवा, कॅप्चा लावा, एका ठिकाणाहून किती वेळा प्रयत्न चालेल यावर मर्यादा घाला.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. नेहमीच्या पुरवठादाराची मेल येते: 'आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं बिल नव्या खात्यात भरा.' मेल खरोखर त्याच्याच खात्यातून आलेली असते, कारण ते खातं फुटलेलं असतं. जुन्या पत्रव्यवहाराचा धागा, बिलाचा क्रमांक, लिहायची ढब, सगळं बरोबर. म्हणून मेलवर उलट विचारण्यात अर्थ नाही, 'हो, बदललंय' असं उत्तर तोच चोर देतो. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही. माझ्या दुकानांत हा नियम मालकालाही लागू आहे, आणि मालक चिडतात.

जाता जाता: ग्राहकांच्या कार्डाची माहिती वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवणारे अजून भेटतात. मागचा तीन आकडी सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर कुठल्याही रूपात साठवायचाच नाही, असा कार्ड कंपन्यांचा पीसीआय डीएसएस नियम आहे. पैसे भरण्याचं पान पेमेंट कंपनीकडेच असू द्या. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर घुसवलेल्या छोट्याशा कोडने ग्राहक टाइप करत असतानाच कार्डांची माहिती पळवली होती. २०२० मध्ये त्यांना २ कोटी पाउंडांचा दंड झाला. एवढ्या मोठ्यांना जे राखता आलं नाही ते आपण कशाला अंगावर घ्यायचं?

टिपकागद

हाती बांधलेल्या वह्या विकते. माझं दुकान म्हणजे सोशल मीडियावरचं पान, दुसरं काही नाही. 'तुमच्या पोस्टने कॉपीराइटचा भंग झालाय, २४ तासांत अपील करा, नाहीतर पान बंद' असा मेसेज आला. माझ्याच ओळखीच्या एका मैत्रिणीने अशाच मेसेजवर पासवर्ड टाकला होता. तिच्या पानावरून मग तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना 'मोठी सूट, आगाऊ पैसे भरा' असे मेसेज गेले. लोकांनी भरले, कारण तिच्यावर विश्वास होता. पान परत मिळालं, ती गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत.

मी आता पासवर्डऐवजी पासकी, म्हणजे एक डिजिटल किल्ली, वापरते. ती ज्या साइटसाठी बनवली तिथेच चालते, खोट्या पानावर द्यायची म्हटली तरी देता येत नाही.

स्वस्तातमस्त

जुने फोन घेतो-विकतो. घेणाऱ्यांसाठी: पैसे द्यायच्या आधी फोन समोरच रीसेट करून नव्याने सुरू करून बघा. जुन्या मालकाचं खातं मागत असेल तर हात जोडून परत द्या. ॲपलने ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ मध्ये आणलं, अँड्रॉइडवरही तशी सोय आहे. मालक तिथे हजर असून खातं काढत नसेल तर तो मालक नाही.

विकणाऱ्यांसाठी: पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. टिकमार्क आणि आवाजासकट खोटी पावती दाखवणारी ॲप असतात. स्वतःच्या बँकेचं ॲप उघडून बघा, एसएमएसवरही जाऊ नका. आणि पैसे *घ्यायला* कधीही पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

नवीकोरी

थोडा वेगळा सूर लावते. वरचं सगळं पटतं, पण नुकतंच दुकान सुरू केलेल्या माणसाने काय करायचं? परीक्षणं नाहीत, डोमेन गेल्या महिन्यातलं (शंकासुर, बघताय ना?). प्रत्येक चौकशी उलटतपासणीसारखी होते.

कंटाळून विकतची परीक्षणं घ्यावीत असं एकाने सुचवलं. त्यापेक्षा मी माझ्या खऱ्या नावाने, चेहऱ्यासकट माहितीचं पान लिहिलं, परतीचे नियम चार ओळींत स्पष्ट केले, आणि कुणी मागितलं तर त्या वस्तूचा तिथल्या तिथे व्हिडिओ कॉलवर फेरफटका दाखवते. आगाऊ रक्कम थेट खात्यात मागतच नाही, मध्यस्थ पेमेंट सेवेतून घेते, म्हणजे गिऱ्हाइकाला दाद मागायला जागा राहते. कमिशन जातं, पण 'तुमच्यावर विश्वास कसा ठेवू' हा प्रश्न जवळजवळ बंद झाला.

शंकासुर

बघतोय. :) तुमच्याकडून घेतलं असतं. डोमेन नवं आहे यापेक्षा ते परंपरेबद्दल खोटं बोलतंय याची मला अडचण असते.

लोकरवाली

एक विचारायचं होतं. फसल्याचं लक्षात आल्यावर पहिल्या तासात काय करता?

हिशेबनीस

आधी बँक. कार्ड गोठवा, व्यवहार थांबतो का विचारा, तक्रारीचा क्रमांक घ्या. मग जिथे व्यवहार झाला तिथे तक्रार, मग पोलीस. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉकही स्क्रीनशॉट घेतल्यावरच करा. मदतीसाठीचा नंबर सर्च करून शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला वापरा. शोधात वर दिसणारे कितीतरी 'कस्टमर केअर' ठगांचेच असतात, आणि ते आधी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात.

चष्मावर

यात एक भर. शिलाई मशीनबद्दल मी दोन-तीन ठिकाणी जाहीर तक्रार लिहिली होती. त्याखाली लगेच एकजण आला: 'माझेही असेच गेले होते, या तज्ज्ञांनी परत मिळवून दिले.' तज्ज्ञांना आधी फी हवी होती. एकदा गंडलेला माणूस घायकुतीला आलेला असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. माझे पैसे बँकेकडून परत आले तरी त्या तज्ज्ञांचे मेसेज थांबलेले नाहीत. हल्ली फीमध्ये सूट देतायत.