चार्लकोटच्या डायनिंग रूममधलं ते अवाढव्य कपाट नक्की कशासाठी?

भटकी_वहिनी: परवा इंग्लंडमध्ये वॉरिकशरमधलं चार्लकोट पार्क, म्हणजे जुना जमीनदारी वाडा, बघून आलो, डायनिंग रूममध्ये भिंतीला लागून एवढं मोठं कोरीव लाकडी धूड आहे की बाकी काही दिसतच नाही, त्यावर फळं, मासे, मेलेले पक्षी, शिकारी कुत्रे. जेवताना मेलेले पक्षी कोण बघतं? आणि त्यात ठेवायचे काय?

रंधा_पटाशी: तो बुफे, म्हणजे साईडबोर्ड, जेवणाच्या खोलीत भांडी-पदार्थ ठेवायचं कपाट. वॉरिक गावच्या विलकॉक्स नावाच्या कारागिराचं काम, १८५८ च्या आसपासचं, ओकमध्ये. ओक कडक असतं हो, त्यात पिसं न् खवले काढणं म्हणजे मनगटाचं काम. वॉरिकमध्ये तेव्हा असे कोरीवकाम करणारे बरेच होते, तिथल्याच कुक्स कंपनीचा ‘केनिलवर्थ बुफे’ तर १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात होता, त्यावर राणी पहिल्या एलिझाबेथची १५७५ची केनिलवर्थ किल्ल्याची भेट कोरलीय.

खवय्या७२: पक्षी-मासे म्हणजे मालकाची ऐट, आमच्या जमिनीत, आमच्या पाण्यात काय काय मिळतं बघा. आणि तेव्हा सगळी भांडी एकदम टेबलावर मांडायची पद्धत मागे पडून नोकरांनी एकेक पदार्थ वाढायची रीत रुळत होती, मग मटण कापायला, चांदीची भांडी मिरवायला साईडबोर्डच हवा.

भटकी_वहिनी: अच्छा, म्हणजे शोकेस! पण धूळ कोण पुसत असेल, मला तेच सुचत होतं तिथे 😄

रंधा_पटाशी: मऊ ब्रशने, हळूहळू. ओलं फडकं अजिबात नाही.