युद्ध अटळ असू शकतं, पण त्याला धर्म म्हणायचं का?

धामकाठचा (धागाकर्ता)
आमच्या घरात परवा झालेला वाद इथं मांडतो. गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुका. माझा भाचा अग्निवीर भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळतो, घरी येऊन भिजवलेले चणे खातो, आंघोळ करून कॉलेजात जातो. माझी आई अठ्ठ्याहत्तरची. लहानपणी वडिलांचं बोट धरून पवनारला जायची, अजून टकळीवर सूत काढते. तिनं त्याला सहज विचारलं, "बाबू, उद्या कोणावर गोळी झाडायची वेळ आली तर?" तो म्हणाला, "आजी, देशासाठी झाडली तर पाप नाही लागत." आई काही बोलली नाही, पण टकळी खाली ठेवली. रात्री जेवणाच्या वेळी मग आम्हा सगळ्यांची जुंपली.

माझं मत असं. लढावं लागतं, हे मी नाकारत नाही. घरात साप निघाला तर काठी उचलावीच लागते. पण काठी उचलली म्हणजे धर्म केला, असं मी म्हणणार नाही. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी आमच्या शेजारी पवनारात पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून भाषण केलं. इंग्रजांच्या लढाईला माणूस-पैसा देऊ नका, हे तर होतंच, पण कोणत्याही युद्धाचा प्रतिकार अहिंसेनंच करायचा, ही त्यांची मुख्य गोष्ट होती.

'न्याय्य युद्ध' हा शिक्का एकदा तयार झाला की तो कोण कुठं उमटवेल याचा भरवसा नाही. २००३ मध्ये संहारक शस्त्रं आहेत असं सांगून अमेरिका इराकमध्ये शिरली. ती शस्त्रं सापडलीच नाहीत. म्हणून मी म्हणतो, अटळ म्हणा, नैतिक म्हणू नका.

आर्वीचा सुभेदार
भाऊ, राग मानू नका, पण तुमचं शेवटचं वाक्य मले लागलं. मी २४ वर्षं फौजेत काढले. "अटळ म्हणा, नैतिक म्हणू नका" म्हणजे काय होते पाहा. काम मी करायचं. तुम्ही म्हणायचं, हे काम लागतेच, याच्याबिगर चालत नाही. अन् पाप मात्र माह्या एकट्याच्या माथी. ज्याच्याबिगर गावाचं चालत नाही ते काम एकाले लावायचं आणि तोच बाटला म्हणून त्याले गावाबाहेर ठेवायचं, हा रिवाज आपल्या समाजात लय जुना आहे. कोणाच्या वाट्याले आला, हे विदर्भात सांगा लागत नाही.

आता ७१ घ्या. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली. एक कोटीच्या आसपास लोक सरहद्द ओलांडून आपल्याकडे आले. आपण आठ महिने जगभर सांगत फिरलो, कोणी थांबवलं नाही. ३ डिसेंबरले लढाई सुरू झाली, १६ ले संपली. ९३ हजार कैदी घेतले, ते परत केले. तो मुलूख आपल्याले जोडून घेतला नाही, त्याईचा त्याईले दिला. याले नैतिक नाही म्हणायचं तर त्या शब्दाचं करायचं काय?

मी सगळ्याच लढायांची तरफदारी नाही करून राहिलो. ८७ साली मी श्रीलंकेत होतो, नवीनच भरती झालेला. शांतिसेना म्हणून गेलो, अन् ज्या तमिळ लोकांसाठी गेलो त्यांच्याच पोरांशी लढलो. बाराशेच्या आसपास जवान तिथं मारले गेले. जाफन्यात एका घरी प्यायचं पाणी मागितलं तर बाईनं कळशी आत नेली अन् दार लावलं. ते दार मले अजून दिसते. ते युद्ध चुकलं. पण सगळीच युद्धं पाप म्हटली तर ७१ आणि ८७ मधला फरक मी कसा सांगू?

नागभीडकर
सुभेदार काका, गावाबाहेरच्या वाक्यासाठी जयभीम. बाबासाहेबांनी अहिंसेकडे नियम म्हणून पाहिलं नाही, तत्त्व म्हणून पाहिलं. नियम पाळायचा असतो. तत्त्व लागू करताना माणसाला स्वतःचं डोकं वापरावं लागतं. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, असं त्यांनी बुद्धाच्या शिकवणीचं विवरण केलंय. या धाग्याचं उत्तर मला तरी तिथंच दिसतं.

लोक अशोकाच्या कलिंग युद्धाचं उदाहरण देतात, पण त्याच्या तेराव्या शिलालेखाचा अर्धाच भाग सांगतात. एक लाख मेले, दीड लाख धरून नेले, राजाला पश्चात्ताप झाला, इथं गोष्ट संपवतात. त्याच लेखात पुढं अटवीतल्या लोकांना, म्हणजे आमच्यासारख्या जंगलमुलखातल्यांना, ताकीद आहे की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याचं सामर्थ्य कायम आहे. अशोकानं कलिंग परत केलं नाही आणि सैन्यही मोडलं नाही. विशेष म्हणजे खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा लेख कोरलेलाच नाही. ज्यांच्यावर वार झाला त्यांनाच माफी ऐकवली नाही. मी अशोकाला कमी लेखत नाही. पश्चात्तापानंतरही राज्य राखायला बळ लागतं, हे त्यालाही कळत होतं, एवढंच.

देवळी रोड
तुम्ही सगळे सरहद्दीचं बोलताय. आमच्या गावाला युद्ध नसतानाही युद्ध ऐकू येतं. पुलगावचा दारूगोळा डेपो जवळ आहे. जुना माल खड्ड्यात घालून उडवतात तेव्हा आमच्या खिडकीची तावदानं थरथरतात, फळीवरचे डबे सरकतात. माझ्या मुलीला लहान असताना कधी वाटलंच नाही की हा आवाज वेगळा आहे. ती पहिल्यांदा मामाकडे अकोल्याला गेली तेव्हा विचारत होती, इथं धडाम का होत नाही?

३१ मे २०१६ ला डेपोत आग लागली. दोन अधिकारी आणि विझवायला गेलेले जवान धरून पंधराच्या वर माणसं गेली. २० नोव्हेंबर २०१८ ला माल उडवायच्या जागेवर स्फोट झाला, सहा गेले. त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते. कापूस वेचणीचे दिवस होते. शेतात मिळते त्याहून थोडी जास्त मजुरी मिळते म्हणून माणूस तिकडं जातो. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ गेले. हे कुठल्या युद्धात मेले? शत्रू कोण होता? न्याय्य-अन्याय्य ठरवताना आपण फक्त लढाईचे दिवस मोजतो. तयारीचे दिवस कोणी मोजत नाही, आणि ती तयारी विदर्भाच्या अंगणात चालते.

मर्दमराठा
असले धागे काढणारेच देशाचे खरे शत्रू. सैन्य लढते म्हणून तुम्ही झोपता. विषय संपला.

आर्वीचा सुभेदार
@मर्दमराठा, सैन्याच्या नावानं बोलून राहिला म्हणून सांगतो. मी सैन्यातला आहे अन् मले हा धागा पाहिजे. ज्या देशात लढाईच्या आधी असं कोणी विचारत नाही तिथला शिपाई लवकर मरते.

पांढरकवड्याची
पहिल्यांदाच लिहितेय. माझा भाऊ मे २०२५ मध्ये राजौरीकडे होता. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली, तेव्हा मलाही वाटलं की उत्तर द्यायलाच हवं, आणि आजही तेच वाटतं. धागाकर्त्यांचं पटत नाही. बायकोसमोर नवऱ्याला मारलं, त्याला उत्तर देणं मला अनैतिक वाटत नाही.

पण पाकिस्तानशी लढाई चालली ते ७ ते १० मे हे चार दिवस आमच्या घरी धड स्वयंपाक झाला नाही. फोन आईच्या पदराच्या गाठीत होता. संध्याकाळी पोट्टे चौकात फटाके फोडायचे आणि दर आवाजाला आई गाठ चाचपायची. चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. "जेवली का?" एवढंच विचारलं त्यानं. लढाई बरोबर असेल, पण ती सण कशी असेल? बरोबर होती म्हणूनच गावानं गप्प राहायला हवं होतं, असं मला वाटतं.

मुलचेऱ्याचा मास्तर
थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गडचिरोलीत मुलचेरा तालुक्यातल्या शाळेवर बारा वर्षं झाली. इथली पुष्कळ गावं बंगाली आहेत. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी मिळाल्या. घरामागं तळं, तळ्यात बदकं, कुडाला जाळं टांगलेलं. माझ्या शेजारच्या आजी नातवाला झोपवताना एक अंगाई म्हणायच्या. बंगाल्यांत ती घरोघर म्हणतात. बाळ निजलं, पाडा निवांत झाला, देशात बर्गी आले. पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कशानं भरू? मी विचारलं, "आजी, बर्गी कोण?" त्या म्हणाल्या, "घोड्यावरून यायचे. गाव जाळायचे, धान न्यायचे. झोपला नाहीस तर येतील असं आमची आई सांगायची." कुठून यायचे, हे त्यांना माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. बर्गी म्हणजे बारगीर, सरकारी घोड्यावर लढणारे स्वार. आपल्या नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात शिरली, आणि १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख चौथाई ठरेपर्यंत स्वाऱ्या चालूच राहिल्या. आपल्याकडे याला चौथाईचा हक्क म्हणतात. नागपूर दरबारात तेव्हा कोणाला हे अन्यायाचं वाटलं असेल असं मला वाटत नाही. न्यायाचा कागद त्यांच्याकडेही होताच. पावणेतीनशे वर्षं झाली, राज्यं गेली, फाळणी झाली, आजींचं गाव सुटलं. अंगाई मात्र त्यांच्यासोबत नागपूरच्याच मुलखात येऊन राहिली.

आता सुभेदारांच्या ७१ कडे येतो. आजींचा थोरला भाऊ तिकडंच राहिला होता. मी त्यांना विचारलं, ७१ ची लढाई चांगली की वाईट? त्यांनी काही न बोलता हात जोडले. भाऊ त्या वर्षी वाचला होता.

म्हणजे एकाच म्हातारीच्या तोंडी दोन्ही आहेत. म्हणून मला वाटतं, युद्ध नैतिक होतं की नाही, हे ज्यांनी केलं त्यांनी ठरवू नये. ज्यांच्या दारावरून ते गेलं त्यांना विचारावं. बर्गी माझ्याच मुलखातले होते, हे आजींना मी सांगितलं नाही. दोनदा तोंडावर आलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या.

आर्वीचा सुभेदार
मास्तर, वाचून बराच वेळ बसून राहिलो. एक भर टाकतो. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांना, लिहिलेलं पत्र आहे. दाणागवत आताच उधळू नका, मग पावसाळ्यात नसलं की कुणब्यांच्या घरी जाल, लोकांना मोगल बरा वाटेल असं होईल. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल अन् गवताले आग लागेल. उंदरापर्यंत विचार केला त्या माणसानं. त्या पत्रात अन् बंगालच्या स्वारीत जेमतेम सत्तर वर्षांचं अंतर. फौज मराठ्यांचीच. म्हणून मी कारणापेक्षा वागणूक जास्त पाहतो. कारण सगळ्यांजवळ असते.

नागभीडकर
मास्तर, एक अडचण आहे. ज्यांच्या दारावरून गेलं त्यांना विचारायचं, हे पटतं, पण त्यांना विचारता येतं ते नंतर. निर्णय आधी घ्यावा लागतो. गोंदियाकडे गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून. थंडीत त्यांचे लोक स्वेटर विकायला येतात, दरवर्षी मी एक घेतो. त्यांच्यासाठी कोणी लढलं नाही. न केलेल्या युद्धाचं विचारायचं असेल तर त्यांना विचारावं लागेल.

धामकाठचा
सगळं आईला वाचून दाखवलं. मास्तरांच्या आजींचं दोनदा वाचायला लावलं.

सुभेदार, माझं वाक्य मी मागं घेतो, निदान जसं लिहिलं तसं. पाप असेल तर ते पाठवणाऱ्या सगळ्यांचं आहे, माझंही आहे. भाच्याच्या एकट्याच्या माथी ते टाकणं चुकलं. ७१ चुकीचं होतं असंही मी म्हणू शकत नाही. नागभीडकरांच्या तिबेटी माणसासमोर तर माझ्याकडे उत्तर नाही. काठी योग्य वेळी उचलली असं म्हणेन. पण ढाक्याजवळ मेलेला पाकिस्तानी पंजाबचा शिपाईही कोणाचा तरी भाचा होता, आणि त्याच्या मरणाला 'नैतिक' म्हणताना माझी जीभ अजून अडते. ती अडू द्या.

आर्वीचा सुभेदार
अडू द्या. माहीही अडते, फरक एवढाच की मी ते बोलत नाही.
पोराचे सोळाशे मीटर किती मिनिटांत होतात?

धामकाठचा
साडेसहा.

आर्वीचा सुभेदार
लय झाले. सुरुवातीलेच दम लावून टाकत असेल. रविवारी पाठवा माह्याकडे, पळवून पाहतो. आजीनं विचारलं ते मीही विचारीन त्याले, पळून झाल्यावर.