बालरोगतज्ज्ञांची सीएमई : फीडबॅक फॉर्म बंद करायचा का?

तालुक्याचा_बालडॉक्टर
आमच्या जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञांची वार्षिक सीएमई, म्हणजे डॉक्टरांना नवं शिकवणारी परिषद, जानेवारीत आहे आणि यंदा वैज्ञानिक समितीची माळ माझ्या गळ्यात पडली. म्हणून जुनी फाइल काढली. मागच्या वर्षी एका वक्त्यांचं विमान रद्द झालं, व्याख्यान झालंच नाही. त्या न झालेल्या व्याख्यानाला १७ जणांनी 'उत्कृष्ट' दिलंय! फॉर्म दिला तरच जेवणाचं कुपन, मग दुसरं काय होणार?

माझं मत सरळ आहे. फॉर्म बंद करा. वीस-वीस मिनिटांची चौदा व्याख्यानंही बंद. चारच विषय घ्या, ते हाताने करायला लावा आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाला फोन करून विचारा, काय बदललं?

विषय निवडायला मी माझं रेफरलचं रजिस्टर घेऊन बसलो. जन्मल्यावर न रडलेली बाळं, जुलाबाने सुकून उशिरा आलेली, डेंग्यूत सलाइन जास्त झालेली, विंचू चावलेली. मागच्या कार्यक्रमपत्रिकेत यातलं एकही नाही. लसींवर मात्र तीन व्याख्यानं. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कसं वापरायचं हे महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवलं, आणि आम्ही त्यासाठी अर्धा तास काढत नाही.

माजी_सचिव
डॉक्टर, तुम्ही अजून हॉल बुक केलेला नाही, हे वाचतानाच कळतं.

१२० माणसं येतात. मॅनेकिनच्या, म्हणजे सरावाच्या बाहुल्याच्या, एका टेबलाशी सहा जण धरा. म्हणजे वीस टेबलं आणि वीस प्रशिक्षक. आणणार कुठून? आता पैशाचं बोलू. बेबीफूडवाल्यांकडून परिषदेला पैसे घेणं इन्फंट मिल्क सब्स्टिट्यूट्स कायद्याने बंद आहे. मूळ कायदा १९९२ चा, २००३ ची दुरुस्ती आणखी कडक. ते योग्यच झालं. औषध विक्रीच्या मार्च २०२४ च्या सरकारी संहितेनंतर औषध कंपनी नुसतं ऐकायला येणाऱ्याचं तिकीटही काढू शकत नाही, वक्त्याचंच काढू शकते. राहिले लसवाले. तेही नकोत, तर नोंदणी शुल्क दुप्पट करा आणि मग किती येतात ते मोजा.

आणि लोक फक्त शिकायला येत नाहीत हो. एकटा प्रॅक्टिस करणारा माणूस वर्षातून एकदा चार समव्यावसायिकांशी मनमोकळं बोलतो. त्याला कुठल्या रकान्यात घालणार?

रात्रपाळी
सर, टेबलं कमी असतील तर पाळ्या लावा, पण हाताने करून घ्याच. मी नवजात शिशूंच्या पुनरुज्जीवनाची प्रात्यक्षिकं घेते. गेल्या खेपेला एक ज्येष्ठ डॉक्टर होते, पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस. लेखी प्रश्नांत दहापैकी नऊ. श्वास द्यायचा बॅग-मास्क हातात घेतला आणि मॅनेकिनची छाती वरच येईना. मान जास्त मागे गेली होती आणि नाकाच्या बाजूने हवा निसटत होती. मान बेताने सरळ ठेवली, मास्क पुन्हा बसवला, तेव्हा छाती उचलली गेली. ते काही बोलले नाहीत, आणखी दहा वेळा करून मगच उठले. हे कुठल्या स्लाइडवर शिकवणार?

फोनवर मात्र "काय बदललं?" असं मोघम विचारू नका. सगळे "खूप फायदा झाला" म्हणतील. विचारा, "पोटातच शी केल्याने गढूळ हिरव्या झालेल्या पाण्यातून आलेलं, निपचित असं शेवटचं बाळ आठवा. आधी काय केलंत?" अशा बाळाच्या श्वासनळीत ट्यूब घालून साफ करणं २०१५ पासून सरसकट सांगितलं जात नाही, आधी श्वास द्यायचा. उत्तरात सक्शन पहिलं आलं, की आपली सीएमई कुठवर पोचली ते कळलं.

कोकणातून
मी व्याख्यानांच्या बाजूने. ज्या आजारांची नावं काढली की लोक घड्याळ बघतात, त्यांच्यावरच्या व्याख्यानांच्या तर नक्कीच.

एका परिषदेत एसएमएवर, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर, वीस मिनिटं ऐकली होती. दुपारी जेवणानंतर, अर्धा हॉल पेंगत होता. दोन वर्षांनी ओपीडीत चार महिन्यांचं बाळ आलं. हातपाय लुळे, पण डोळे टक्क लावून माझ्याकडे बघतंय, हसतंय. जीभ बाहेर काढली तर जिभेवर बारीक थरथर. वक्त्यांचा तो व्हिडिओ डोळ्यांसमोर आला. त्याच दिवशी पुढे पाठवलं. तुमचा फोन मला तीन महिन्यांनी आला असता, तर मी काय सांगितलं असतं? "काही नाही बदललं."

रजिस्टर बघून विषय निवडाल, तर जे आपण ओळखलंच नाही ते त्या रजिस्टरात येणार कसं?

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्ये आमच्या रॉयल कॉलेजच्या हिशेबात वर्षाला ५० सीपीडी क्रेडिट्स (शिकत राहिल्याचे गुण), पाच वर्षांत २५०. तुमच्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत ३०च, म्हणून आमचा हेवा करू नका. इथे नुसतं हजर राहून भागत नाही, काय शिकलो त्यावर चिंतन लिहावं लागतं. पहिल्या वर्षी मनापासून लिहिलं. आता मागच्या वर्षीच्याच परिच्छेदात तारीख बदलतो. खरं सांगतो.

आणि वर्कशॉपचंही फार कौतुक नको. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात शैक्षणिक सभा आणि कार्यशाळांमुळे डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात साधारण सहा-सात टक्क्यांचीच सुधारणा दिसते. कशाच्याही मागे धावा, हातात एवढंच.

एक_आई
मी डॉक्टर नाही, मध्येच बोलते. आमच्या डॉक्टरांच्या दारावर दरवर्षी पाटी लागते, 'परिषदेसाठी दवाखाना दोन दिवस बंद'. परत आल्यावर काय नवीन शिकलात, हे दुसऱ्या पाटीवर कधी लिहिता का?

तालुक्याचा_बालडॉक्टर
@एक_आई, निरुत्तर.

@कोकणातून, तुमचं बाळ वाचून रजिस्टर बाजूला ठेवलं. हार मानतो. सकाळी सहा व्याख्यानं, त्यातली दोन दुर्मिळ आजारांवर, व्हिडिओ सक्तीचे. दुपारी टेबलं, पाळ्यांनी. फॉर्म ठेवतो, पण कुपनापासून तोडून, आणि त्यात एकच प्रश्न: 'सोमवारी ओपीडीत काय वेगळं कराल?' फोन सगळ्यांना जमणार नाहीत. चिठ्ठ्या टाकून तीस जणांना मी स्वतः करीन.

@लेस्टरकर, सहा-सात टक्के थोडे वाटतात खरे. पण न रडणाऱ्या बाळांत ते मोजून बघा.

लसवाल्यांवर मात्र हटणार नाही. त्यांचा स्टॉल बाहेर, चहाच्या टेबलाशेजारी. विषय आणि वक्ता आपण ठरवू.

मॅनेकिन चार लागतील. कुणाकडे उसने मिळतील?

माजी_सचिव
लसवाले तेवढ्यावर तयार होतात का ते बघू, मला शंका आहे. माझ्याकडे दोन मॅनेकिन आहेत, घेऊन जा. एकाची मान सैल झालीय, ती आधी बघून घ्या.

आणि हॉल बुक करा. जानेवारीत लग्नं असतात.