युकुलेले: डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप मध्ये हात अडखळतो

नवी_तार:
कॉन्सर्ट आकाराचं युकुलेले आहे, तीन आठवडे झालेत. सी आणि ए मायनर या कॉर्ड नीट वाजतात, नुसते डाउन स्ट्रोकही लयीत येतात. पण डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप सुरू केलं की जिथे दोन अप लागोपाठ येतात तिथे हात अडखळतो. अप मारताना बोटही पहिल्याच तारेत अडकतं. आणि दर दहा मिनिटांनी ट्युनर तारा उतरल्याचं दाखवतो. गिटारचं पिक घेतलं तर सोपं जाईल का?

आठमात्रा:
ते दोन अप लागोपाठ नाहीतच, गोंधळ तिथेच आहे. त्यांच्या मध्ये एक डाउन आहे, फक्त तो तारांना न लागता हवेतून जातो. पॅटर्नच्या नावात तो लिहीत नाहीत, म्हणून पहिल्या अपनंतर हात वरच थांबतो. मग दुसऱ्या अपसाठी घाईने खाली जाऊन परत यावं लागतं आणि लय तुटते.

कहरवा (आठ मात्रांचा ताल) माहीत असेल तर हे पटकन बसेल. हात 1, 3, 5, 7 या मात्रांना खालच्या दिशेला जाणार आणि 2, 4, 6, 8 ला वर येणार. यात कधीच बदल नाही. तार लागते कुठे एवढंच ठरवायचं: 1 डाउन, 2 हवेत, 3 डाउन, 4 अप, 5 हवेत, 6 अप, 7 डाउन, 8 अप. कहरव्याची 'खाली', म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची मात्रा, पाचवी, आणि इथेही पाचवीलाच तार सुटते. (म्हणून मी मुद्दाम 'डाउन' लिहितोय, नाहीतर 'खालीला खाली मारू नका' असलं वाक्य होतं.)

आधी डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून आवाज बंद करा, फक्त खसखस ऐकू आली पाहिजे. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला 60 वर, एका टिकेला एक मात्रा, तोंडाने 'धा गे न ति न क धिं न' चालू. पाचवीला हात खरंच खाली जातो का ते बघा. मग 80, 100, 120. 120 जमलं की मेट्रोनोम परत 60 वर आणून एका टिकेला दोन मात्रा घ्या. वेग तोच, पण मधल्या मात्रा आता तुम्हाला सांभाळायच्या असतात.

चारतारी:
पिक नको. प्लॅस्टिकचं कडक पिक नायलॉनच्या तारांवर टकटकतं. घ्यायचंच झालं तर फेल्टचं मिळतं, पण शिकताना बोटच बरं.

अडकण्याचं कारण खोली. तर्जनी तारांच्या मध्ये घुसते आहे. नखाचा जेमतेम 2-3 मिलिमीटर भाग तारेला लागला पाहिजे. डाउनला नख, अपला बोटाचा मऊ भाग. बोट सैल वाकलेलं ठेवा आणि कुलपात किल्ली फिरवल्यासारखं मनगट फिरवा. कोपरातून अख्खा हात हलवला की खोली हातात राहत नाही. अपमध्ये चारही तारा लागायलाच हव्यात असं नाही, जमिनीकडच्या दोन-तीन लागल्या तरी भरपूर.

जागाही बघा. गिटारच्या सवयीने लोक भोकावर मारतात. तुमच्या आकारात मान जिथे पोकळ लाकडी पेटीला मिळते तिथे मारा, तारा तिथे मऊ लागतात आणि आवाज गोल येतो.

प_सा_ग_ध:
तारा उतरण्यात तुमची चूक नाही. नव्या नायलॉनच्या तारा काही आठवडे ताणत राहतात. प्रत्येक तार बाराव्या पडद्याजवळ (पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) बोटाने अलगद, साधारण एक सेंटिमीटर उचला, पुन्हा सुरात आणा, चार-पाच वेळा. आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावा. वरून उतरवत आणला की खुंटीतली ढील राहते आणि तार आणखी सरकते.

घरात हार्मोनियम असेल तर पांढरी एक 'सा' धरा. हनुवटीकडून जमिनीकडे मोकळ्या तारा प, सा, ग, ध, चारही एकाच सप्तकात. म्हणजे गिटारसारखी खर्जाची जाड तार वर नाही, त्यामुळे डाउनला आपोआप ठोका मिळत नाही. पहिल्या मात्रेचं वजन हातानेच द्यावं लागतं. सगळे स्ट्रोक सारख्या जोराचे मारले की पॅटर्न बरोबर असूनही सपाट वाटतो तो यामुळे.

नवी_तार:
पाचवी मात्रा सापडली! पण सी वरून ए मायनरला जाताना हात पुन्हा थांबतो. आणि दादऱ्यातल्या गाण्याला हेच चालेल का?

आठमात्रा:
आठव्या मात्रेचा अप मोकळ्या तारांवर गेला तरी चालतो, कानाला खुपत नाही. त्या वेळात डावा हात हलवा. कॉर्ड उशिरा लागली तरी उजवा थांबवू नका. सी-ए मायनरपेक्षा आधी ए मायनर-एफ घोटा: मधलं बोट जी (वर सांगितलेल्या 'प') तारेच्या दुसऱ्या पडद्यावर तसंच राहतं, तर्जनी फक्त ई ('ग') तारेच्या पहिल्या पडद्यावर टेकवायची.

दादऱ्याला हा पॅटर्न बसणार नाही, दोन मात्रा जास्त होतात. सुरुवातीला सहा मात्रांना सहा डाउन, पहिली आणि चौथी जरा वजनदार. अप नंतर घाला.